अपग्रेड झालं आणि कऱ्हाडचं ‘कर्हाड’ झालं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० च्या मोफत सुरक्षा अपडेटची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार म्हटल्यावर जो तो ‘अपग्रेड करून घ्या’ म्हणत होता. मीही ऐकलं आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर दुकानातला संगणक विंडोज ११ वर नेला. माझं कऱ्हाडात डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, प्रतिज्ञापत्रं, ग्रामपंचायतीचे ठराव ही रोजची कामं. यंत्र २०१९ चं, प्रोसेसर आठव्या पिढीचा, त्यामुळे तपासणीत पास झालं. ती तपासणी फक्त यंत्राची होती, माझ्या मराठीची नव्हती.

दुसऱ्या दिवशी पत्रिकेची जुनी फाइल उघडली. अक्षरं जागच्या जागी होती. नवरदेवाचं नाव बदलायला गेलो, तर ‘क’ची कळ दाबल्यावर कुठला तरी अर्धा तुकडा उमटला. आमच्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर बसलेली असतात. कुठल्या कळीला कोण उठणार, हे ठरवतं टायपिंगचं सॉफ्टवेअर. ते माझ्याकडे वीस वर्षांपूर्वीचं आहे आणि यूएसबीचं लॉक, म्हणजे पेन ड्राइव्हसारखी दिसणारी किल्ली, लावल्याशिवाय चालत नाही. नव्या विंडोजला ते लॉकच ओळखू येईना. प्रिंटरही रुसला होता, पण तो काढून पुन्हा जोडल्यावर सुरू झाला.

पुढची चूक मात्र सर्वस्वी माझी. अपग्रेडनंतर दहा दिवसांच्या आत सेटिंगमधल्या ‘रिकव्हरी’त जाऊन ‘गो बॅक’ केलं की जुनं विंडोज परत येतं. हे मला कळलं सहाव्या दिवशी. चौथ्या दिवशी सी ड्राइव्ह भरत आल्याने लाल दिसली म्हणून डिस्क क्लीनअपमध्ये ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’वर मीच टिक करून बसलो होतो. वीसेक जीबी जागा झाली म्हणून वर चहाही मागवला! परत जायची वाट त्याच वीस जीबीत होती.

तुळशीचं लग्न झालं, गिऱ्हाइकं दारात. नाइलाजाने जुना मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये नेला, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःची खुर्ची असलेल्या पद्धतीत. प्रूफ बघायला मुलीचे आजोबा आले, निवृत्त मास्तर. चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, “अहो, आमच्या गावाचं काय केलंत हे?” कन्व्हर्टरने ‘कऱ्हाड’चं ‘कर्हाड’ केलं होतं. र चा रफार करून थेट ह च्या डोक्यावर बसवला होता. पत्त्यात, कार्यालयाच्या ओळीत, निमंत्रकांच्या नावांखाली, सगळीकडे. ‘येणाऱ्या पाहुण्यांनी’चीही तीच गत. चारशे पत्रिका छापून गेल्या असत्या तर मास्तरांनी मला गावात फिरू दिलं नसतं.

युनिकोडमध्ये टाइप करायच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू दाबलं की ‘ऱ्ह’ नीट येतो. हे मी चोपन्नाव्या वर्षी शिकलो.

आता कळतंय की एवढी घाई करायचं कारणच नव्हतं. सुरक्षा अपडेटना मुदतवाढ घ्यायची सोय होती, घरच्या संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आणि धंदेवाल्यांना पैसे भरून त्याच्याही पुढे. लग्नसराई उरकून सावकाश बदललं असतं. आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर प्रोसेसर, रॅम, किंमत यांबद्दल वाचायला मिळतं. त्यात जुन्या फॉन्टांवर पोट असलेल्यांसाठी चार ओळी टाकाव्यात, एवढीच विनंती. लॉकचा ड्रायव्हर (लॉक ओळखायला लागणारा प्रोग्रॅम) नव्या विंडोजवर चालतो का ते आधी तपासा, दहा दिवस काही पुसू नका, आणि रूपांतर केलेला मजकूर वाचताना अर्ध्या र वर बोट ठेवा, एवढं छापलंत तरी पुष्कळ.

सध्या माळ्यावरचा विंडोज ७ चा संगणक खाली काढलाय. नेट जोडलेलं नाही. लॉक त्याला लावलं तर पहिल्याच झटक्यात चाललं.

आपला,
एक डीटीपीवाला, कऱ्हाड