सिस्ट निघाली म्हणून घाबरू नका, पण पोटात अचानक कळ आली तर थांबूही नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आमच्या वेंगुर्ले-मालवण भागात कुणा मुलीच्या सोनोग्राफीत ओव्हरीवर (बीजांडकोशावर) सिस्ट, म्हणजे पिशवीसारखी गाठ, निघाली की घरात रडारड, लगेच मुंबईला फोन, ऑपरेशन कुठे करायचं ते पण ठरतं, आणि लग्नाची मुलगी असेल तर रिपोर्ट कपाटात लपतो. अहो, पाळी चालू असलेल्या बाईच्या ओव्हरीत दर महिन्याला बीजाभोवती पाण्याची बारीक पिशवी धरतेच, एखादवेळी ती फुटत नाही, थोडी वाढते, आणि बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरते. नुसत्या पाण्याची आणि 5 सेंमीच्या आतली असेल तर सहसा काही करावं लागत नाही, फार तर काही आठवड्यांनी परत सोनोग्राफी. चॉकलेट सिस्ट (आत जुनं घट्ट रक्त साठलेली) किंवा डर्मॉइड (यात केस, चरबी, कधी चक्क दात सापडतात) मात्र अशा जिरत नाहीत, तिथे आकार, त्रास, पुढे मूल हवंय का हे बघून डॉक्टर ठरवतात.

मला खरी भीती वाटते ती वेगळीच. ओटीपोटात एका बाजूला एकदम जीवघेणी कळ येते, सोबत उलट्या, आणि घरचे वायगोळा म्हणून ओवा देतात, शेकतात, सकाळी बघू म्हणतात. सिस्टमुळे ओव्हरीला पीळ बसला असेल तर तिचा रक्तपुरवठा तुटतो, काही तासांत ऑपरेशन झालं तरच ती वाचायची शक्यता असते! अशी कळ, पोटदुखीसोबत चक्कर, अंग थंडगार पडणं, ताप, किंवा पाळी चुकलेली असताना दुखणं, यातलं काहीही असलं तरी रात्र काढू नका, 108 ला फोन करा.

आणि पाळी गेलेल्या आयांचं तर कुणी बघतच नाही. त्या वयात सिस्ट निघाली तर ती छोटी असली तरी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचीच, सीए-125 ची (ओव्हरीच्या कॅन्सरचा संशय तपासायची) रक्ततपासणी त्या वयात उपयोगी पडते (तरुणपणी तो आकडा पाळीत किंवा एंडोमेट्रिओसिसमध्येही, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो त्या आजारातही, वाढतो, म्हणून एकट्या आकड्यावरून कॅन्सर धरून बसू नये). पोट फुगलेलं, दोन घास खाल्ले की पोट भरतं, सारखी लघवीला, असं आठवडेच्या आठवडे चाललं तर अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खात बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

एक विनंती, आपल्या जिल्ह्यात कुठल्या सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी कुठल्या वारी होते ते तालुक्यानुसार छापा, एसटीने कणकवली-सावंतवाडी गाठून मजुरी बुडवून हात हलवत परत येणाऱ्या बायका खूप आहेत.

– एक वाचक, ता. वेंगुर्ले