खेळाच्या लेखकालाही श्रेय द्यावे

महोदय,

संगणकावरील जुन्या भूमिकाप्रधान (खेळणारा कथेतील पात्राची भूमिका घेतो अशा) खेळांविषयी लिहिताना त्यांतील चित्रांची आणि तंत्राची भरभरून चर्चा होते. मजकूर कोणी लिहिला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. १९९३ साली डायनामिक्स या अमेरिकी कंपनीने तयार केलेला ‘बिट्रेयल ॲट क्रॉन्डोर’ हा खेळ रेमंड फाइस्ट यांच्या कादंबऱ्यांतील जगावर बेतलेला असल्यामुळे तो त्यांनीच लिहिला, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात खेळाचे दिग्दर्शक जॉन कटर यांच्यासोबत कथानक रचून त्यातील मजकूर प्रामुख्याने नील हॉलफर्ड यांनी लिहिला. नऊ प्रकरणांच्या या कथेत वाटेवर कुलूपबंद पेट्या सापडतात: वर एक कोडे, खाली अक्षरांच्या फिरत्या चकत्या, आणि नेमका शब्द जुळला तरच उघडणारे झाकण! खेळणाऱ्याच्या भाषेची अशी कसोटी पाहणारी ही कल्पना मला तरी त्यातील चित्रांहून मोलाची वाटते. पुढे १९९८ मध्ये फाइस्ट यांनीच या खेळाच्या कथेवरून कादंबरी लिहिली, यावरून त्या लेखनाचा कस लक्षात यावा. चित्रपट परीक्षणात पटकथाकाराचे नाव आपण आवर्जून छापता. खेळांवरील लेखांतही लेखकाचे नाव तितक्याच अगत्याने द्यावे, ही विनंती.

– एक वाचक