फार्मव्हिलची मोटन शाळा

प्रिय दिलीप,

व्याख्यानाचा मसुदा वाचला. ‘१९५४ साली निकाल लागला आणि काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळा खुल्या झाल्या’ हे वाक्य आधी खोड. वर्णावरून वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालातल्या पाच खटल्यांपैकी एक व्हर्जिनिया राज्यातल्या फार्मव्हिल गावच्या मोटन शाळेचा होता, आणि तिथे निकालानंतर पाच वर्षांनी सगळ्या सरकारी शाळाच बंद पडल्या. सगळी अमेरिका फिरवण्यापेक्षा ही एकच मोटन शाळा घे.

काळ्या मुलांसाठी १९३९ साली बांधलेली ही विटांची इमारत १८० जणांपुरती होती. जिम नाही, जेवणघर नाही, प्रयोगशाळा नाही. १९५०च्या सुमारास मुलं साडेचारशेच्या वर गेली. चाळिशीच्या दशकाअखेरीस शाळा मंडळाने आवारात लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून खोल्या उभ्या केल्या होत्या. पाऊस आला की मुलं आत छत्र्या उघडत. शेगडीजवळचा घामाघूम, दाराजवळचा कोट घालून कुडकुडतोय. बस चालवणारे इतिहासाचे शिक्षकच लाकडं गोळा करून शेगड्या पेटवत. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती कोंबड्यांची खुराडी वाटत. सोयी समान असतील तर काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवायला हरकत नाही, असं तेव्हाचा कायदा म्हणे. त्या ‘वेगळे पण समान’मधलं समान ते हे!

२३ एप्रिल १९५१. याच शाळेतल्या सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने बेत बारकाईने आखला होता. ‘आपली काही मुलं बसस्थानकावर अडचणीत आहेत’ असा फोन करून मुख्याध्यापकांना गावात धाडलं, त्यांच्या आद्याक्षराची नक्कल केलेल्या चिठ्ठ्या वर्गावर्गात पाठवून सगळ्यांना सभागृहात जमवलं. पडदा सरकला तर व्यासपीठावर बार्बरा. शिक्षकांना बाहेर जायला सांगून, पायातला बूट काढून बाकावर आपटत तिने संप पुकारला. तो दोन आठवडे चालला. मागणी मात्र फक्त नव्या इमारतीची होती. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन या वकिलांनी अट घातली: इमारतीसाठी नाही, वेगळेपणाविरुद्धच लढत असाल तर वकीलपत्र घेऊ. मागणीचं हे वळण तुझ्या मसुद्यात नाही, ते घाल. ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने महिन्याभरात दावा दाखल झाला. मुख्याध्यापकांची नोकरी गेली. खटला चालू असतानाच मंडळाला अचानक पैसे सापडले आणि १९५३ साली जिम, जेवणघरासकट नवं मोटन उभं राहिलं. वेगळं ते वेगळंच.

आता शाळा बंद कशा केल्या ते नीट समजून घे, कारण लोक दारावरच्या कुलपाचंच सांगतात. काउंटीचं पर्यवेक्षक मंडळ म्हणजे साधारण आपली जिल्हा परिषद समज. कर बसवायचा, शाळांना पैसा द्यायचा तो त्याने. १९५९ साली कोर्टाने सप्टेंबरपासून मुलं एकत्र बसवा म्हटल्यावर या मंडळाने शाळांसाठी पैसा मंजूरच केला नाही. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी निघाली, चर्चच्या आणि क्लबांच्या खोल्यांतून वर्ग भरू लागले. पुढे फीसाठी सरकारी अनुदान आणि देणगीदारांना करात सूटही मिळाली. काळी मुलं सतराशेच्या आसपास. काही नातेवाइकांकडे गेली, काहींना क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी परराज्यांतल्या कुटुंबांत ठेवलं. बरीचशी घरीच राहिली. त्यांच्यासाठीही वेगळी खासगी शाळा काढून देतो असं गोऱ्यांनी सुचवलं होतं, पण ती घेतली की खटल्यातला दमच गेला असता, म्हणून लोकांनी ती नाकारली. चर्चच्या तळघरांत भरणारे वर्गही मुद्दाम ‘शाळा’ म्हणवून घेत नसत. किंमत मुलांनी मोजली, हे लपवू नकोस.

१९६३ साली केनेडी सरकारच्या पुढाकाराने, देणग्यांवर, वर्षभरापुरत्या मोफत शाळा निघाल्या. चार वर्षं पाटी कोरी राहिलेल्यांना इयत्ता कुठली द्यायची? म्हणून इयत्ता मोडून ज्याला जेवढं येतं तिथून शिकवलं. २५ मे १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खासगी शाळांना पैसा पुरवत सरकारी शाळा बंद ठेवणं घटनाबाह्य आहे, आणि गरज पडल्यास मंडळाला कर बसवायलाही लावता येईल. सप्टेंबरात दारं उघडली, पण गोरी मुलं अकादमीतच राहिली. एकत्रीकरणाची शाळा जवळपास सगळी काळीच! नव्या मोटनचं नाव पुढे काउंटी हायस्कूल झालं. जुन्या इमारतीत २००१पासून संग्रहालय आहे.

शाळाबंदीत अडकलेल्यांसाठी व्हर्जिनियाने शिष्यवृत्ती सुरू केली ती २००४ साली. १९५९ला पहिलीत जाणारं पोर तोवर पन्नाशी ओलांडून गेलं होतं.

तुझा,
श्रीधर