मंत्री साहेब, सर्नची वर्गणी भरताय तर आमच्या आयटीआयला पण कळू दे

मा. केंद्रीय विज्ञानमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

कोकणातनं तुमच्या सरकारला पत्रं जातात ती हायवेची, नेटवर्कची, फार तर आंब्याच्या विम्याची. मी देवगड तालुक्यात शाळेत विज्ञान शिकवतो आणि मला इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडरबद्दल, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलट्या चार्जचा जुळा पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळवणाऱ्या मशीनबद्दल बोलायचंय, हसू नका.

सर्नला, म्हणजे जिनिव्हाजवळच्या युरोपच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेला, 2012 मध्ये हिग्ज (बाकीच्या कणांना वस्तुमान कसं मिळतं त्याच्याशी जोडलेला कण) सापडला तो एलएचसी या मशीनमधल्या प्रोटॉनच्या टकरीतनं, पण प्रोटॉनच्या आत क्वार्क, ग्लुऑन असे आणखी छोटे कण, बरंच काही, नक्की कोण कोणावर आदळलं तेच शोधत बसायचं. इलेक्ट्रॉनच्या आत काही नाही (निदान आजवर तरी सापडलेलं नाही), म्हणून टक्कर स्वच्छ. आता तिथे 91 किमी घेराच्या नव्या रिंगचा प्लॅन आहे, एफसीसी, त्यात आधी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन फिरवून लाखो हिग्ज काढायचे. एवढी मोठी कशाला, तर इलेक्ट्रॉन हलका, वळवला की प्रकाश फेकत एनर्जी घालवतो, आणि त्याच रिंगमध्ये एनर्जी दुप्पट केली की हे नुकसान सोळा पट. खर्च 15 अब्ज स्विस फ्रँकच्या घरात.

पोरांना सगळ्यात आवडतं ते तिथल्या आधीच्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन मशीनचं, लेपचं. 27 किमी घेर, 1989 ते 2000 चाललं. त्याच्या बीमची एनर्जी आपोआप वरखाली व्हायची आणि कारण काय तर चंद्र! भरतीला नुसतं पाणी चढत नाही, जमीन पण किंचित फुगते, रिंगचा घेर मिलिमीटरभर बदलायचा आणि तेवढ्यावर एनर्जी हलायची, पुनवेला-अवसेला जास्तच. जिनिव्हाच्या तळ्याचं पाणी वाढलं तरी फरक, जवळनं टीजीव्ही ही फ्रान्सची वेगवान गाडी गेली तरी फरक. उधाण म्हणजे काय ते आमच्या पोरांना शिकवावं लागत नाही, बापाची होडी त्याच हिशोबावर निघते, मग हे पाठ्यपुस्तकात का नाही? आणि असल्या मशीनमध्ये टकरा किती झाल्या ते मोजायला आजही वापरतात ते भाभा स्कॅटरिंग, म्हणजे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन एकमेकांवरनं कसे उडतात त्याचं आपल्या होमी भाभांचं 1930 च्या दशकातलं गणित.

तर मुद्दा. भारत 2017 पासून सर्नचा असोसिएट मेंबर आहे, दरवर्षी पैसे भरतो, त्यामुळे आपल्या कंपन्या तिथली टेंडरं भरू शकतात, आपली माणसं नोकरीला अर्ज करू शकतात. पण इथे आयटीआयच्या पोरांना विचारलं तर असलं काही असतं हेच माहीत नाही, म्हणजे गणपतीची वर्गणी द्यायची आणि आरतीला घरी बसायचं. एलएचसीचे 15 मीटर लांब, 30 टनांवरचे चुंबक ज्या जॅकवर उभे आहेत ते भारतात बनलेत, 7 हजारांच्या आसपास, इंदूरच्या आरआरकॅट या सरकारी प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली. ते कोणा प्रोफेसरने एकट्याने नाही घडवले, लेथवरच्या माणसांनी घडवले.

नव्या मशीनचा निर्णय 2028 च्या सुमाराला अपेक्षित आहे, चालू होणार 2040 नंतर कधीतरी, तेव्हा आज आठवीत असलेली पोरं ऐन उमेदीत असतील. भारत त्यात काय बनवून देणार, मॅग्नेट, कॅव्हिटी (कणांना एनर्जी देणारे धातूचे पोकळ डबे), डिटेक्टर, ते आत्ताच ठरवा, बाकीचे वाटून घेतल्यावर नको. आणि त्यातलं कुठलं काम फिटर-वेल्डर-मशिनिस्टचं आहे ते साध्या मराठीत छापून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या प्रत्येक आयटीआय, पॉलिटेक्निकला पाठवा. माणूस पाठवलात तर अजून बरं, शाळेचा हॉल आहे, प्रोजेक्टर पण आहे, फक्त पावसाळ्यात नको, लाईट जाते.

आपला,
देवगडकडचा एक मास्तर