पेन्सिलीने लिहिलेल्या एका प्रश्नाबद्दल

आदरणीय बाई,
सविनय नमस्कार.

झालरदार ओठांचे वटवाघूळ आणि टुंगारा बेडूक यांची तुलना करणारा माझा लेख आपण दोनदा बारकाईने वाचलात, त्याबद्दल हे उघड आभारपत्र लिहीत आहे. पहिल्या मसुद्यात नुसता तक्ता होता: एक सस्तन, दुसरा उभयचर, एकीला एका वेळी एकच पिल्लू, दुसऱ्याची अंडी नराने मागच्या पायांनी घुसळून केलेल्या फेसात. त्यात चूक काही नव्हती, पण जीवही नव्हता. खाली आपण पेन्सिलीने एवढेच लिहिले होते, "यांची गाठ कुठे पडते?"

ती गाठ पनामाच्या बारो कोलोराडो बेटावर (अर्थात वाचनातूनच) सापडली. ही वटवाघळे बेडकाच्या हाकेवरूनच त्याला गाठतात आणि खाण्याजोग्या व विषारी जातींच्या हाकांतला फरकही ओळखतात, हे मर्लिन टटल आणि मायकेल रायन या संशोधकांनी १९८१ मध्ये दाखवून दिले. बहुतेक वटवाघळांचे कान अतिशय उच्च कंप्रतेच्या ध्वनीसाठी घडलेले असतात. या वटवाघळाचे मात्र बेडकाच्या खालच्या पट्टीतल्या आवाजालाही तितकेच तयार असतात. टुंगाराचा नर आधी एक उतरता, लांबलेला सूर काढतो आणि आसपास स्पर्धक असले की त्याला 'चक्' असे तुटक ठोके जोडतो. ते ठोके मादीला अधिक आवडतात, आणि दुर्दैवाने वटवाघळालाही.

मला सर्वांत विलक्षण वाटले ते पाण्यावरचे तरंग. हाक देताना नराची स्वरपिशवी फुगते, आक्रसते आणि डबक्यात वर्तुळे उमटतात. वटवाघळाची चाहूल लागताच तो गप्प होतो. परंतु उठलेले तरंग त्याच्यासोबत थांबत नाहीत, ते आणखी काही क्षण पसरत राहतात आणि वटवाघूळ प्रतिध्वनींच्या आधारे नेमके तेच हेरते. आपला प्रश्न नसता, तर 'अधिवास: डबक्याकाठी' एवढे लिहून मी पुढच्या रकान्याकडे वळलो असतो.

दुसऱ्या वाचनात आपण माझे 'क्रूर' हे विशेषण खोडलेत, तेव्हा मी थोडा हिरमुसलो होतो. आता ते खोडणे योग्यच होते असे वाटते. तक्ता काढून टाकला आहे, त्यातली 'कान' ही एकच ओळ लेखाचा आरंभ म्हणून ठेवली आहे. तिसरा मसुदा सोबत जोडत आहे. सवडीने पाहावा, ही विनंती.

आपला कृतज्ञ विद्यार्थी