प्रवाळ हलवण्याआधी पाणी मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरच्या समुद्री टाकीतले प्रवाळ मिटून बसले की लोक ते उचलून दिव्याजवळ नेतात. दोन दिवसांत फुलले नाही की पुन्हा खाली, मग कोपऱ्यात. मूळ दुखण्यापेक्षा ही उचलठेवच त्याला जास्त भोवते, कारण प्रत्येक नव्या जागी प्रकाश आणि प्रवाह दोन्ही बदलतात आणि त्यांच्याशी जुळवून घ्यायला त्याला आठवडे लागतात.

एकच प्रवाळ रुसले असेल तर बहुधा जागा चुकली आहे. सगळेच मिटले असतील तर पाणी बिघडले आहे. नियम ढोबळ आहे, पण सुरुवातीला पुरतो. क्षारता म्हणजे खारेपणा 35 पीपीटी (हजारात 35 भाग), तापमान 25-26 अंश, अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचे प्रमाण, ते डीकेएचमध्ये मोजतात) 8 ते 9 डीकेएच, कॅल्शियम 400 ते 450 आणि मॅग्नेशियम 1250 ते 1350 पीपीएम (दशलक्षात इतके भाग) असावे. यातही आकडा नेमका गाठण्यापेक्षा तो न हलणे महत्त्वाचे. अल्कलिनिटीत एकाच दिवसात 1 डीकेएचहून जास्त फरक पडला तर दगडी, म्हणजे कठीण सांगाड्याच्या, प्रवाळांची टोके जळू शकतात. खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर 35 पीपीटीच्या द्रावणावर जुळवावा; नुसत्या डिस्टिल्ड पाण्यावर शून्य लावून भागत नाही. एप्रिल-मेमध्ये टाकीवर पंखा लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: पाणी उडते, मीठ मागे राहते. तेवढी भर रोज साध्या आरओ पाण्याने घालावी, खाऱ्या पाण्याने नव्हे.

नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणण्याची हौसही महागात पडते. नायट्रेट 5 ते 10 आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम असू द्यावे. त्याहून स्वच्छ पाण्यात प्रवाळ उपाशी राहून फिके पडतात, मालकाला वाटते दिवा कमी पडतोय, तो दिवा वाढवतो आणि उरलेसुरलेही जाते.

प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याचे बरेचसे अन्न तेच बनवते. प्रकाश किंवा उष्णता अति झाली की शैवालात घातक ऑक्सिजन तयार होतो आणि प्रवाळ त्याला बाहेर काढून पांढरे पडते. वरची बाजू फिकी आणि सावलीतली बाजू रंगीत असेल तर प्रकाश जास्त आहे. अंग तपकिरी पडून देठ वर ताणले जात असतील तर कमी. शैवालाला अन्न बनवायला उपयोगी पडणारा प्रकाश ‘पार’ (PAR) या मापात मोजतात. झोअँथिड आणि मशरूम या बिनसांगाड्याच्या प्रवाळांना 50 ते 100 पार पुरतो, हॅमर आणि टॉर्च या लांब शुंडकांच्या दगडी प्रवाळांना 80 ते 150, फांद्यांच्या दगडी अॅक्रोपोराला 250 ते 350. मोबाइलवरच्या उजेड मोजणाऱ्या लक्स अॅपचा निळ्या एलईडीखाली भरवसा धरू नये; पार मीटर दोन दिवसांसाठी कुणाकडून मागून आणावा. नवे किंवा आजारी प्रवाळ तळाशी ठेवून दर आठ-दहा दिवसांनी थोडे वर घ्यावे. दिवाच मंद करून हळूहळू वाढवला तर आणखी बरे, प्रवाळाला हातच लावावा लागत नाही.

प्रवाहाकडे मात्र कुणी बघत नाही. टॉर्चचे शुंडक सगळीकडे डुलायला हवेत. एकाच बाजूला चिकटून पडले असतील तर पंपाची धार थेट लागते आहे. मऊ अंग सांगाड्याच्या धारदार कडेवर घासून फाटते आणि त्या जखमेत ‘तपकिरी जेली’ नावाचा संसर्ग धरतो. पंपाचे तोंड काचेकडे वळवावे म्हणजे धार फुटते. उलट प्रवाळावर गाळ साचत असेल तर प्रवाह कमी आहे. लेदर कोरल हे मऊ प्रवाळ आठवडाभर मिटून अंगावर मेणासारखी साय धरते, त्याला लोक उगाच घाबरतात. ते कात टाकत असते. थोडा प्रवाह वाढवला की साय निघून जाते.

बैठक आणि शेजारही बघावा. फंजिया हे दगडी प्रवाळ वाळूवरच ठेवावे, खडकावर फुगताना त्याचे अंग कापते. गॅलेक्सिया या दगडी प्रवाळाचे लांब दंशतंतू रात्री बाहेर पडतात, त्याच्याभोवती 20 सेंटिमीटर मोकळे सोडावेत. ग्रीन स्टार पॉलिप हे पसरणारे मऊ प्रवाळ वेगळ्या दगडावर, चहूबाजूंनी वाळू ठेवून. नाहीतर सगळा खडक व्यापते. जागा पक्की होईस्तोवर गोंद लावू नये.

वर दगडी प्रवाळांची नावे आली, ती परदेशातल्या मराठी हौशी मंडळींना जास्त उपयोगी. आपल्याकडे सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मालवणच्या किनाऱ्यावरून तुकडा उचलून आणणे हा गुन्हा आहे, तो मेलेला असला तरी. झोअँथिड, मशरूम आणि लेदर या यादीत नाहीत, आणि नवख्याने सुरुवातही त्यांच्यापासूनच करावी. झोअँथिड कापताना हातमोजे आणि चष्मा घालावा, त्यांचा दगड कधीही उकळू नये. त्यांच्यातले पॅलिटॉक्सिन हे विष वाफेतूनही बाधते.

दुकानदारांकडे एक मागणी आहे. चिठ्ठीवर रंगाचे भारदस्त नाव आणि किंमत असते. प्रवाळ किती पारखाली आणि किती डीकेएचच्या पाण्यात वाढले, हे दोन आकडेही तिथेच लिहावेत. नेणाऱ्याला घरी ते कुठे ठेवायचे याचा अंदाज तिथेच येईल.

– एक वाचक, ठाणे