देवमाशापासून दोनच पायऱ्यांवर

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. समुद्री जीवशास्त्राचा अभ्यास सुरू होऊन तीन आठवडे झाले, तरी देवमासा नाही की डॉल्फिन नाही, नुसती पाण्याची क्षारता, तापमान आणि प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगत राहणाऱ्या जीवांची, नावे, म्हणून तू हिरमुसली आहेस. तरीही तुझ्या शिक्षकांनी सुरुवात योग्य ठिकाणाहूनच केली आहे, असे माझे ठाम मत आहे.

समुद्राची सरासरी खोली साधारण ३,७०० मीटर असली, तरी प्रकाशसंश्लेषणाला पुरेल इतका प्रकाश फार तर वरच्या २०० मीटरपर्यंत पोचतो. या पातळ थरात तरंगणारे वनस्पतिप्लवक, ज्यांतले बहुतेक नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत, पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मे काम करतात. तू ज्याची वाट पाहते आहेस तो निळा देवमासा क्रिल या कोळंबीसारख्या छोट्या जीवांवर जगतो आणि क्रिल प्रामुख्याने डायटमसारख्या वनस्पतिप्लवकांवर. म्हणजे तू देवमाशापासून दोनच पायऱ्यांवर उभी आहेस.

सूक्ष्मदर्शकाखाली कोपेपॉड हा प्राणिप्लवक मी पहिल्यांदा पाहिला, तो क्षण मला आजही आठवतो. जेमतेम दीड मिलिमीटरचा, काचेसारखा पारदर्शक जीव, डोक्यावर एकच लालसर डोळा आणि दोन्ही बाजूंना पसरलेल्या लांब मिशा. बराच वेळ तो निश्चल होता. मी बशी किंचित हलवली आणि एका झटक्यात तो नजरेआड झाला. त्याच्या पोटातली खाल्लेल्या प्लवकांची हिरवट रेघ मात्र तेवढ्यात दिसून गेली. अन्नसाखळी हा शब्द मी पूर्वी अनेकदा वाचला होता, पण तो मला कळला त्या रेघेमुळे.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते. एडवर्ड फोर्ब्स या निसर्गशास्त्रज्ञाने १८४१-४२ मध्ये एजियन समुद्राचा तळ खरवडून नमुने गोळा केले. जसजसे खोल जावे तसतसे जीव कमी होतात असे त्याला आढळले आणि सुमारे ५५० मीटरच्या खाली जीवसृष्टी नसावी, असा निष्कर्ष त्याने काढला. फोर्ब्स हा कष्टाळू आणि प्रामाणिक संशोधक होता, परंतु एजियनच्या पाण्यात पोषकद्रव्ये कमी असतात, त्यामुळे प्लवक कमी, आणि वरून तळाकडे झिरपणारे अन्नही तुटपुंजे. एका गरीब समुद्रावरून त्याने सगळ्या समुद्रांचा अंदाज बांधला, आणि त्याचे साधनही बारीक जीव टिपण्यास अपुरे होते. पुढे १८७२ ते १८७६ या काळातल्या चॅलेंजर जहाजाच्या मोहिमेने त्याहून कितीतरी खोल तळावरून जीव वर आणले.

अशी चूक केवळ जुन्या काळातच होत असे, असे समजू नकोस. प्रोक्लोरोकॉकस हा समुद्रातला संख्येने सर्वाधिक असलेला प्रकाशसंश्लेषी जीव. त्याचा शोध थेट १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला, कारण एका मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, लहान असलेला हा जीव तोवरच्या साधनांतून निसटत होता. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ सुमारे २,५०० मीटर खोलीवर उष्ण पाण्याच्या झऱ्यांभोवती गजबजलेली जीवसृष्टी सापडली, तेव्हा त्या मोहिमेत एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता, कारण तिथे जीव भेटतील अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. तिथल्या नळीकृमींना ना तोंड असते ना आतडे. त्यांच्या शरीरातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइडच्या साहाय्याने अन्न तयार करतात, आणि त्यावर हे प्राणी माणसाएवढे लांब वाढतात.

म्हणून कोणताही तक्ता पुढे आला की, हा नमुना कुठून, कोणत्या खोलीवरून आणि कशाने घेतला, हे आधी विचार. वेळही विचार, कारण असंख्य प्राणिप्लवक दिवसा खोल अंधारात राहतात आणि रात्री चरायला वर येतात. एकाच ठिकाणी दुपारी व मध्यरात्री टाकलेली जाळी वेगवेगळा समुद्र दाखवतात.

पुढच्या महिन्यात तुम्हाला नमुने घ्यायला बोटीवर नेणार आहेत ना? जाळ्यात काय आले ते मला सविस्तर लिही, आणि जाळ्याच्या छिद्रांचे माप, खोली व घड्याळातली वेळ त्याच पानावर टिपायला विसरू नकोस.

तुझी,
आई